ओल्या जाळ्याची सुट्टी

‘याला सुकवायला लागत नाही.’ एवढ्या एका वाक्यावर आमच्या भागात नायलॉनचं जाळं खपलं, आणि अजून खपतंय. मृगाच्या आधी बाजारात दोरीवर हिरव्या-निळ्या जाळ्यांच्या गुंडाळ्या लटकायला लागतात. कुठल्याही दुकानदाराला विचारा. आस किती बोटांचा, म्हणजे जाळ्याचं भोक केवढं, हे तो सांगणार नाही. कुठल्या पाण्यात वापरायचं हेही सांगणार नाही. तो सांगणार, ‘‘काका, कुजत नाही, सुकवायला नको, दहा वर्षं बघायलाच नको.’’ घेणारा मान डोलावतो आणि पैसे काढतो. हे वाक्य मी चाळीसेक वर्षं ऐकत आलोय. आमच्या ओढ्याचा घात ज्या ज्या गोष्टींनी केला, त्यांत ते फार वरच्या पाटावर बसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. अगदी कारखान्यांच्या पंगतीत नाही, पण पंगत उठायच्या आत जेवून गेलेलं.

हे ऐकून गावातली पोरं हसतात. हसू देत. त्यांनी ओली वस्तू सुकवण्याचं काम कधी केलेलं नाही.

आमचं गाव मलंगगडाच्या अंगाला. अंबरनाथ एमआयडीसीतल्या शेवटच्या शेडपासून चालत अर्ध्या तासावर. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. आषाढात आमच्याकडे मीठ पाणी सोडतं, पापड वातड होतात, वहाणेला बुरशी येते, पेटीतल्या लग्नाच्या शालूवर पांढरे ठिपके पडतात. काडेपेटी तर विचारूच नका. अंबरनाथला ‘विमको’चा कारखाना होता, स्वीडिश कंपनीनं 1920च्या दशकात उभा केलेला. सगळ्या देशाला काड्या पुरवणारा. त्याच्या भोंग्याच्या हाकेवर आम्ही, आणि आमच्या घरात चार काड्या घासल्या तर एक पेटायची. आजी काडेपेटी चुलीच्या भानवशीत ठेवायची, तिथून कुणी हलवली की शिव्या.

पुढं माझी सव्वीस वर्षं एमआयडीसीत गेली. आमच्या गोदामात भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारं एक घड्याळ होतं. काटा ठरल्या रेषेवर गेला की कोपऱ्यातलं यंत्र घरघरायला लागायचं आणि बादलीत पाणी साठायचं. मालाच्या पिंपात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. आतले खडे निळे असले तर ठीक, गुलाबी झाले की पुडी बदला. त्यासाठी वेगळा माणूस, वेगळं रजिस्टर, दोन सह्या. पलीकडं ऑर्डनन्स फॅक्टरी. तिथं तर कोरडं ठेवण्यावर माणसांचे जीव. सांगायचं काय, तर वस्तू कोरडी ठेवणं हे बिनडोक काम नाही, हे अंबरनाथला शिकवायची गरज नाही. कारखान्यात त्यासाठी पगार मिळतो. घरात तेच काम केलं तर मात्र ‘जुनाट’ म्हणतात.

आमच्या घरात त्या यंत्राचं काम चूल करायची. चुलीच्या डोक्यावर बांबूचा माळा. माळ्यावर शिकारीचं सगळं सामान. सगळ्यात वर आज्याची वाघूर, म्हणजे ससे-रानडुकरं अडवायचं जाळं, अंबाडीच्या वाखाच्या सुतळीचं. मला कळायला लागलं तेव्हाच ती निकामी होती. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991च्या दुरुस्तीनं परवान्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. पण आज्यानं त्याच्याही आधी डुकरामागं पळणं सोडलं होतं, गुडघ्यापायी. तरी वाघूर माळ्यावर. दर पावसाळ्यात खाली काढायची, झटकायची, उलटी करून पुन्हा वर. वापरायचं नाही म्हणून कुजू द्यायचं, हा हिशेब त्याला माहीत नव्हता.

तिच्या खाली पाग. सुती, कमरेएवढा उंच, खालच्या घेराला शिशाचे मणी. पाग म्हणजे हातानं गोल फेकायचं जाळं, शहरातल्या वाचकासाठी सांगतो. मग बांबूच्या कामट्यांच्या भोकशा नि मळया. मासा आत शिरतो, परत फिरू शकत नाही, एवढीच त्यांची हिकमत. गळ बांबूच्या नळकांड्यात, चुलीच्या चाळलेल्या राखेत खोचलेले, वर चिंधीचं बूच. राख ओल पिते, गळाला गंज चढत नाही. वापरून आणलेला गळ धुवायचा, पुसायचा, करंजेलाचं बोट फिरवायचं आणि मगच नळकांड्यात. दाराशी इरलं आणि घोंगडी, पण ती शिकाऱ्यासाठी, सामानासाठी नव्हेत. सामान भिजायचंच. पाण्यात जायचं सामान भिजणार नाही तर काय होणार? प्रश्न परत आल्यावरचा असतो.

आणि परत आल्यावर आज्याचा एकच सवाल. जेवलास का, लागलं का, किती गावले, हे नंतर. आधी, ‘‘जालं पसरलंस का रं?’’

पाग आधी ओढ्यातच स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यायचा. खवले, शेवाळ, माती राहिली तर सूत तिथंच कुजतं. मग पडवीत आडव्या बांबूवर पसरायचा, पाणी निथळेपर्यंत. घरात ओला घेतला की आजी ओरडणार, सारवलेली जमीन भिजते म्हणून. संध्याकाळी निथळला की चुलीवरच्या माळ्यावर, पण घडी घालून नाही. सैल, हवा खेळेल असा. सकाळी बाजू बदल. रात्री परत बाजू बदल. भर आषाढात, पागोळ्या थांबत नसताना, असा पाग कोरडा व्हायला दोन दिवस लागायचे. झडी लागली तर तीन. हाताला कोरडा लागला म्हणजे झाला असं नाही. गाठी गालाला लावून बघायच्या. गाठीत ओल राहते, आणि जाळं तिथूनच तुटतं.

चुलीचा धूर नुसता सुकवत नव्हता. धुरानं सुतावर, बांबूवर एक काळसर कीट चढतं, त्याला बुरशी धरत नाही आणि बांबू पोखरणारा भुंगा शिवत नाही. आमच्या आज्याच्या हातच्या कामट्यांची भोकशी वीस वर्षं टिकली, ती धुरावर. पावसाळ्याआधी एकदा ऐनाची साल ठेचून मोठ्या हंड्यात उकळायची आणि त्या तांबड्या पाण्यात पाग बुडवून ठेवायचा. सालीतला तुरटपणा सुतात मुरतो, सूत कडक होतं, लवकर कुजत नाही. किनाऱ्यावरचे कोळीही सुती जाळ्यांना झाडांच्या सालींचं पाणी द्यायचे. आमच्या शेजारच्या वाडीतले कातकरी तर खैराचा कात काढण्यावरूनच कातकरी झालेले. सालीत काय असतं हे त्या लोकांना आमच्याहून जास्त कळायचं. ऐनाचं कुठलं झाड सोलायचं आणि किती, हे आज्याला वाडीतल्या एका म्हाताऱ्या मामानं दाखवलं होतं. झाडाला वळसा घालून सोलायचं नाही, एका अंगानंच. वळसा घातला की झाड मेलं.

आता मुद्द्यावर येतो. दोन दिवस पाग माळ्यावर आहे, म्हणजे दोन दिवस आमचा पाग ओढ्यात नाही. घरात दुसरा नव्हता. सुती पाग विणायला आज्याला अख्खा उन्हाळा लागायचा. दोन कोण विणतो? शेजाऱ्याचा मागावा तर त्याचाही त्याच पावसात भिजलेला, त्याच्या चुलीवर. ओलं जाळं कुणी कुणाला देत नसे. मग काय करायचं? थांबायचं. चिखलणीला जायचं, बांध घालायचे, घरात बसून भोकशीची तुटकी कामटी बदलायची.

हिशेब मांडा. एक रात्र मासे, दोन रात्री वाळवण. जून ते ऑगस्ट ही वाटणी धरली तर तीन रात्रींतल्या दोन रात्री ओढा मोकळा. या दोन रात्री कुणी ठराव करून दिलेल्या नव्हत्या. आमचे पूर्वज फार थोर निसर्गप्रेमी होते, असलंही मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात डोहात गेळाची फळं ठेचून टाकून मासे गुंगवायचे तेही आमचेच. ओढ्याला सुट्टी मिळायची ती सुताच्या कुजण्यामुळं. दमट हवा आणि सुती गाठ या दोघींनी मिळून ती दिलेली. माशांना चढायला, अंडी सोडायला, पिल्लांना गवतात लपायला जेवढ्या रात्री लागतात, तेवढ्या आपसूक सुटायच्या.

समुद्रावर हीच सुट्टी आता सरकारला कायद्यानं द्यावी लागते. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्याआधी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होडी काढत नसत. उधाणाची भीती आणि रीत, दोन्ही. इंजिन आलं, जाळं नायलॉनचं झालं, भीती कमी झाली, तेव्हा कायदा आणावा लागला. आमच्या ओढ्याला कुठला कायदा? आमच्या ओढ्याचं नाव नकाशातही धड नाही.

नायलॉन किनाऱ्यावर साठच्या दशकात आलं. आमच्या गावात ते सत्तरच्या शेवटी पोचलं, एमआयडीसीतल्या पगाराबरोबर. पहिलं जाळं ज्यानं आणलं त्याच्या पडवीत अख्खं गाव जमलं होतं. तो ते बादलीत बुडवायचा, झटकायचा आणि म्हणायचा, बघा, कोरडं! आज्यानं हात लावून बघितलं, गाठ गालाला लावली आणि काही न बोलता उठला. हलकं, पातळ, पाण्यात दिसत नाही, कुजत नाही. वाईट काय त्यात? वस्तू म्हणून काहीच नाही. मी आज्यासारखा उठून जाणार नाही, गुण आहेत ते मान्य करतो. नायलॉनला उन्हाचा त्रास होतो, तो सावलीत ठेवावा लागतो. पण पाण्यात तो महिनोन् महिने तसाच राहतो. आणि गोम तिथंच आहे. जे जाळं सुकवायला बाहेर काढावं लागत नाही, ते बाहेर काढलंच जात नाही. पाग गेला, त्याच्या जागी लावून ठेवायचं जाळं आलं. संध्याकाळी ओढ्याला आडवं बांधायचं, सकाळी कामावर जाता जाता मासे काढायचे, जाळं तिथंच. पहिल्या पावसापासून श्रावण संपेपर्यंत तिथंच. फेकायला हात लागत नाही, सुकवायला चूल लागत नाही, थांबायला कारण लागत नाही.

इथं मला नेहमी अडवतात. ‘‘काका, मासे एमआयडीसीनं मारले, तुम्ही जाळ्याला काय धरून बसलात?’’

एमआयडीसी मी आतून बघितली आहे, तिची वकिली मी करणार नाही. वालधुनी काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते. तिथं रेल्वेनं बांधलेल्या जीआयपीच्या धरणापाशी पाणी अजून पाण्यासारखं दिसतं. तिथून ती अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून जाते. मंदिर 1060 सालचं, शिलाहारांचं. नऊशे साठ-पासष्ट वर्षं दगडाला काही झालं नाही, नदीचं मात्र एका पिढीत गटार झालं. पुढं उल्हासनगर, जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं निळं पाणी, मग कल्याण. 2014च्या नोव्हेंबरच्या शेवटी उल्हासनगरात कुणीतरी टँकरनं रसायन वालधुनीत ओतलं आणि काठावरच्या शेकडो माणसांना घुसमटून दवाखान्यात न्यावं लागलं. ‘वनशक्ती’ संस्थेनं उल्हास आणि वालधुनीसाठी राष्ट्रीय हरित लवादात दावा लावला, 2015 साली लवादानं दंड ठोठावले. हे सगळं जगजाहीर आहे. वालधुनीत अंबरनाथच्या खाली जाळं टाकणाऱ्याला मासा सापडणार नाही, जाळ्याचा रंग बदललेला सापडेल. तिथली लढाई वेगळी आहे आणि ती लढायलाच हवी.

पण माझा सवाल वरच्या ओढ्याचा आहे. आमच्या गावाच्या वर कारखाना नाही. शेड नाही, टँकर जाईल असा रस्ता नाही. पाणी डोंगरातून येतं, आम्ही ते पितो. तिथली खवल कुणी खाल्ली? तिथली मरळ, वाम, शिंगटी कुठं गेली? ब्लिचिंग पावडर टाकणारे निघाले, बॅटरीचा शॉक देणारे निघाले, त्यांना गावानं निदान एकदा चोप दिला. जाळ्याला कोण चोप देणार? ते निमूटपणे काम करतं. एमआयडीसीकडं बोट दाखवलं की आपलं बोट मोकळं राहतं, हा आमच्या गावाचा आवडता खेळ झालाय. खालच्या नदीचं पाप दाखवून वरच्या ओढ्याचं लपवायचं.

दुसरा आक्षेप शहरातून येतो, आणि तो जास्त खरा आहे. वलगणीचा. पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यानं, शेताच्या पाण्यानं वर चढतात, अंडी घालायला. ते वलगणीचे मासे. आणि आम्ही त्याच रात्री चूड पेटवून, भोकशा लावून त्यांना धरायचो. ‘‘गाभण मासे खाणारे तुम्ही, आणि ओढ्याची काळजी आम्हाला सांगता?’’ होय, ते मासे अंड्यांचेच असत, यात लपवण्यासारखं काही नाही. पण वलगण एका रात्रीत आटोपत नाही. पाऊस खंडतो, परत कोसळतो, मासे टप्प्याटप्प्यानं चढतात. पहिल्या रात्री आमचा पाग भिजला की तो दोन दिवस माळ्यावर. भोकशीचा बांध दुसऱ्या लोंढ्यात वाहून जायचा, तो पुन्हा घालेपर्यंत आणखी एक रात्र. धरले त्यांच्या कितीतरी पट आमच्या नाकासमोरून वर गेले. आता ओढ्याच्या तोंडाशीच दोन बोटांहून बारीक आसाचं नायलॉन आडवं, पहिल्या थेंबापासून. वर जाणार कोण?

शहरवाल्यांना आणखी एक सांगतो, विषय निघालाच आहे तर. शनिवार-रविवारी कोंडेश्वरला, बारवीकडं येता, येता-जाता आमच्या पडवीत टांगलेली भोकशी दिसली की ‘विकणार का’ विचारता. आत दिवा लावून हॉलमध्ये टांगायला. विकणार नाही. घरात टांगलेली भोकशी बारा महिने कोरडी राहील, पण ते कोरडेपण घेऊन करायचं काय?

तिसरा आक्षेप माझ्याच घरातून आला, आणि त्याला उत्तर देताना मी जरा जपून बोलतो. हे सगळं मी एकदा जेवताना रंगवून सांगत होतो. चूल, धूर, माळा, साल. बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, ‘‘अहो, त्या धुरात बसायचं कोण? तुमचा आजा का आजी?’’

आजी. दुसरं कोण. जाळं आज्याचं, फुशारकी आज्याची, आणि रात्री उठून बाजू बदलणारी आजी. ओल्या लाकडाचा धूर, वर ठिबकणारं जाळं, समोर तवा. तिचे डोळे कायम लाल, शेवटची काही वर्षं खोकला. 2016 साली उज्ज्वला योजना आली, वाडीतल्या बायकांपर्यंत सिलेंडर पोचला. तो परवडत नाही म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो ते वेगळं. चुलीचा धूर परत आणा असं कुठल्याही बाईला सांगायची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही. स्लॅबच्या घरात तो धूर जाणार तरी कुठं? आमच्याच घरात आता गॅसची शेगडी आहे, माळा नाही. आज्याचा पाग मी पंख्याखाली सुकवतो. तीन दिवस लागतात, वीजबिल येतं, घरात माशाचा वास बसतो आणि बायको बोलते. सुकतो मात्र.

माझी मागणी धुराची नाही. सुताचीही नाही, सुती पाग आता विणणार कोण? नायलॉन वापरा. पण त्याला सुकवा. सुकवावं लागत नाही तरी सुकवा. सूत जी सुट्टी भाग पाडून घ्यायचं, ती आता आपल्याला अक्कल वापरून द्यावी लागेल, कारण वस्तूनं आपल्या वतीनं विचार करायचं सोडलंय.

गेल्या भाद्रपदात, गणपती बोळवून झाल्यावर, मी ओढ्यानं वर गेलो होतो. पाणी उतरलं होतं. एका वाकड्या करंजाच्या मुळांत काहीतरी लोंबत होतं, आधी वाटलं प्लास्टिक. जाळं निघालं. श्रावणातल्या लोंढ्यात कुणाचं तरी सुटून आलेलं, मुळात अडकलेलं, अर्धं पाण्यात. त्यात तीन-चार खवल, काही नुसती काटे उरलेली, एक अजून कल्ले हलवत असलेली. काट्यांना खायला आलेले खेकडे पायांनी अडकलेले. एक दिवड, मधोमध दोरा रुतून फुगलेली. आणि एक खंड्या. निळे पंख तसेच्या तसे, डोळ्यांच्या जागी मुंग्या. आधीच्या मेलेल्यांचा वास पुढच्यांना बोलवत होता, आणि जाळं महिनाभर कुणाच्याही पोटासाठी नसलेली शिकार करत होतं. समुद्रावर अशा सुटलेल्या जाळ्यांना जगभर भुताचं जाळं म्हणतात. आज्याचा पाग असा वाहून गेला असता तर दसऱ्यापर्यंत त्याचा चिखल झाला असता. कुजणं हा त्याचा अवगुण म्हणून विकलं गेलेलं हे नायलॉन. तो अवगुण नव्हता हे त्या खंड्याला विचारा.

मी कोयत्यानं जाळं सोडवलं. जिवंत खवल पाण्यात सोडली, दोन खेकडे सोडले. जाळं घरी आणून धुतलं आणि पडवीत बांबूवर पसरलं. दोन दिवसांनी मालक उगवला. गावातलाच, नात्यानं माझा पुतण्या लागतो.

‘‘काका, जालं आमचं हाय. फाडलंत तुम्ही. सातशे रुपये झालं.’’

‘‘घेऊन जा की. पण सुकल्यावर.’’

‘‘नायलॉन हाय ते. काय सुकवताव?’’

‘‘मग इतके दिवस शोधलं का नाहीस?’’

‘‘आनखी दोन होती माझ्याकडं.’’

या शेवटच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तीन जाळी असलेला माणूस एक हरवलं तर शोधत नाही. आज्यानं एका पागासाठी अख्खा ओढा खालपर्यंत पालथा घातला असता. सातशे रुपये मी दिले नाहीत. पुतण्यानं बोलणं टाकलं, त्याच्या बापानंही टाकलं. भाऊबंदकीत गेल्या दिवाळीला आमच्याकडं फराळाची दोन ताटं कमी आली, तेवढी किंमत मोजली.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी विषय मांडला. मागण्या साध्या होत्या. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत ओढ्यात रात्रभर लावून ठेवायचं जाळं नको. फेकून धरायचं असेल तर धरा. एक रात्र मासे धरले की दोन रात्री जाळं बाहेर, आणि ते घरात नाही, मारुतीच्या देवळामागच्या कुंपणावर, सगळ्यांना दिसेल असं टांगलेलं. दोन बोटांहून बारीक आस गावात नको. जाळं वाहून गेलं तर ज्याचं त्यानं शोधून काढायचं. ओढा आमचा, जाळी आमची, यात वरून कुणाची परवानगी लागत नाही.

एकजण म्हणाला, काका, जाळी देवळामागं टांगली तर चोरीला जातील. दुसरा म्हणाला, तिथं आमचा क्रिकेटचा सामना असतो. तिसऱ्यानं विचारलं, निवृत्तीनंतर कंपनीचं दमटपणाचं घड्याळ घरी आणलंत का? सगळे हसले, मीही थोडा हसलो, प्रश्न चांगला होता. ठरावाच्या वहीत ‘सदर विषयावर चर्चा झाली’ अशी एक ओळ आहे. चर्चा झाली नव्हती. पण ओळ आहे, आणि ती खोडता येत नाही.

या आषाढात मी रोज सकाळी ओढ्यानं वर जाऊन जाळी मोजतो. काढत नाही, फाडत नाही, मोजतो. शंभर पानी वही केली आहे: तारीख, जागा, आस किती बोटांचा, जाळं काल होतं का. आमच्या गोदामातल्या रजिस्टरसारखीच, फक्त सह्या दोनऐवजी एक. आजवर सतरा जाळी लागली. त्यांतली अकरा पहिल्या पावसापासून एकदाही पाण्याबाहेर आलेली नाहीत. त्या अकरांतली दोन पुतण्याची. वाडीतला एक कातकरी पोऱ्या परवापासून माझ्याबरोबर यायला लागलाय. त्याची नजर माझ्याहून तेज, पाण्याखालचा दोरा त्याला आधी दिसतो. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला वही घेऊन जाणार आहे. तोपर्यंत तीही कोरडी ठेवायची आहे, म्हणून प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलची एक पुडी टाकून ठेवली आहे. खडे अजून निळे आहेत.